ओतणारं माणूस

४ मार्च

ही आज सकाळी ताईंकडे गेली. ताई म्हणजे हिची मोठी बहीण, नदीपलीकडे राहतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा जाणं भागच होतं. किती दिवस लागतील असं विचारलं तर म्हणाली, "बघू." हिचं 'बघू' म्हणजे साधारण आठवडा धरायचा. बॅगा मात्र दोन नेल्या, आणि शिलाई मशीनही. ताईंना पडदे शिवून हवे असतील. मशीन जड, टॅक्सीवाला हात लावेना, म्हणून मीच दोन जिने उतरवून गाडीत ठेवून दिलं. कंबर धरली आहे.

ही नसली की सांगायच्या गोष्टी साठत जातात आणि आल्यावर त्यातल्या अर्ध्या आठवत नाहीत. म्हणून ही वही. आली की एकेक सांगेन.

७ मार्च

बिअरची खोकी आली. दरवर्षी बिअरची एक मार्गदर्शिका निघते, तिच्यातलं स्टीम बिअरचं प्रकरण माझ्याकडे असतं. एरवी मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे स्पष्ट, की मघाचं?" एवढंच विचारणारा माणूस. वर्षातून एक महिना लेखक होतो. दुकानाच्या मालकीणबाईंच्या मते मी नाकाने कांदे सोलतो, आणि त्याबद्दल कुणी आपलं नावसुद्धा छापतं याचं त्यांना फार नवल वाटतं.

स्टीम बिअर म्हणजे वाफेवर केलेली बिअर नव्हे, हे मला दरवर्षी पहिल्याच परिच्छेदात लिहावं लागतं. थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट घ्यायचं आणि ते रुंद, उथळ टाक्यांमध्ये उबेत कामाला लावायचं. ते बिचारं घाईघाईने सगळं उरकतं. बाटलीत इतका वायू कोंडतो की झाकण काढताच वाफ सुटल्यासारखा आवाज होतो, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. चांगली जमली तर भाजलेल्या पावाच्या कडेची चव लागते आणि मागून थोडा लाकडासारखा कडवटपणा येतो. बिघडली तर ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं. हल्ली ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये ती होते, त्यामुळे पुठ्ठाही बराच चघळावा लागतो.

गुण द्यायचे तर ग्लासात कुणाची बिअर आहे ते आपल्याला ठाऊक असता कामा नये. नाव कळलं की जीभ ओशाळी होते. म्हणजे दुसरं माणूस लागतंच. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत बाहेरच्या खोलीकडे उघडणारी एक छोटी खिडकी आहे. ही आत बाटल्या उघडते, ओतते, ग्लासाच्या बुडाला खडूने खूण करते आणि खिडकीतून पुढे सरकवते. मी बाहेर टेबलाशी बसून हुंगतो, घोट घेतो, चूळ भरतो, कोरडा पाव चावतो आणि पन्नासपैकी गुण लिहितो. मग म्हणतो, "पुढची." ओतणाऱ्याने बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. हे नियम माझे आहेत आणि आजवर एकदाही मोडलेले नाहीत. ही स्वतः घेत नाही, त्यामुळे या कामाला फारच उत्तम.

यंदा बिअरी बऱ्याच आहेत आणि गुण महिनाअखेर द्यायचेत. ही पुढच्या आठवड्यात आली की दोन बैठकांत उरकेल.

९ मार्च

फोन केला. गुडघा कसा आहे विचारलं. "बरा आहे," म्हणाली.

"मग?"

"मग काय?"

खोकी आल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "बाटल्या आडव्या ठेवल्या असतील, उभ्या करा."

मला हसूच आलं. म्हटलं, हे तू मला सांगतेस? फोन ठेवून पाहिलं तर हमालाने खोकी आडवीच टाकली होती. सगळ्या बाटल्या उभ्या केल्या. पुन्हा फोन करून सांगणार होतो, पण तेवढ्यासाठी कशाला.

१२ मार्च

आठवडा झाला. आली नाही. ऑपरेशन म्हटलं की मागेपुढे व्हायचंच.

आज एकट्याने करून पाहिलं. चार बाटल्या चार मोज्यांत घातल्या, डोळे मिटून टेबलावर फिरवल्या, इकडच्या तिकडे केल्या. त्यात एक आडवी झाली आणि टेबलक्लॉथ गेला. ग्लास भरले, गंभीर चेहरा करून बसलो आणि दुसऱ्या ग्लासाला शेहेचाळीस दिले. मग लक्षात आलं की ओतताना हाताला बाटलीची आखूड मान कळली होती. आखूड मान एकाच कारखान्याची असते आणि तिथल्या माणसाचं मला कौतुक आहे. शेहेचाळीस खोडले. आपणच लपवायचं आणि आपणच शोधायचं, हे काही जमणारं काम नाही.

१३ मार्च

दुकानात एक काळा आणि एक करडा मोजा घालून गेलो, दोन्ही बिअरचे. मालकीणबाई लांबूनच म्हणाल्या, "वहिनी अजून आल्या नाहीत वाटतं." मोज्यांवरून ओळखलं की वासावरून, ते विचारलं नाही.

१६ मार्च

खालच्या मजल्यावर गाणं शिकवणारे मास्तर राहतात. ओताल का म्हणून विचारलं तर अंघोळ करून, भांग पाडून वर आले. त्यांना नियम समजावून सांगितले आणि स्वयंपाकघरात पाठवलं.

पहिला ग्लास आला तो आतून गुणगुणण्यासकट. म्हटलं, "मास्तर, बोलायचं नाही."

"मी कुठे बोलतोय? सूर लागला, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या ग्लासाच्या वेळी सूर एकदम वर चढला. तेव्हा कळलं की आत मास्तर प्रत्येक बाटलीतली आधी स्वतः चाखताहेत आणि आवडेल तसा सूर लावताहेत. तिसऱ्या ग्लासाला आतून नुसतंच "अरेरे" ऐकू आलं. पेन्सिल खाली ठेवली. मास्तर बाहेर येऊन बसले ते चांगले दोन तास बसले. उरलेल्या बाटल्यांचं नुकसान झालं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. या टेबलाशी समोर कुणी बसल्याला बरेच दिवस झाले होते. ही असतानाही ती आतच असायची, त्यामुळे समोरची बाजू तशी रिकामीच असते.

मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "इथे मशीन होतं ना?"

"हो. ताईंकडे नेलंय. पडदे शिवायला."

"हं," म्हणाले. "आमच्याकडे आधी पियानो गेला."

"कुठे?"

"तिच्या भावाकडे. दुरुस्तीला म्हणून."

मग ग्लास रिकामा करून, माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. मास्तरांना मध्येच काहीतरी जुनं आठवतं. पियानो दुरुस्त करायला भावाकडे कशाला न्यायचा, तेही काही मला कळलं नाही. भाऊ तर बँकेत होता.

२० मार्च

चिरंजिवांचा फोन. नोकरीच्या गावी असतो, पंधरा दिवसांतून एकदा करतो. आज मध्येच केला.

"बाबा, आईशी बोलता ना?"

"एक दिवसाआड बोलतो."

"काय बोलता?"

"बाटल्यांचं. गुण द्यायचे राहिलेत."

मग म्हणाला, "ती तिथे एका कपड्यांच्या दुकानात काम करायला लागलीये. माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये की," म्हणालो.

माहीत नव्हतं. नंतर विचार केला की ताई दिवसभर झोपून, हिचा वेळ जात नसेल. हात चालू असलेले हिला आवडतात. पण मला सांगायला काय हरकत होती? मी काही नको म्हटलं नसतं. बहुतेक विचारलं असतं की मग ओतायचं कधी.

२१ मार्च

दुकानातून आलो. दिवा लावला. काही केलं नाही.

२२ मार्च

आज संध्याकाळी एक बाटली नुसती प्यायली, गुणांसाठी नाही. झाकण काढल्यावरचा तो आवाज घरभर ऐकू गेला. एरवी तो आवाज मला भिंतीपलीकडून येतो आणि मी तोंडात पाव घालून तयार होतो. आपल्याच हातात झाला की दचकायला होतं. फार एकटं वाटलं. लिहून ठेवतो, पण हे हिला वाचून दाखवणार नाही.

२४ मार्च

मार्गदर्शिकेच्या संपादकांचा फोन. सगळी प्रकरणं आली, तुमचंच राहिलं.

"ओतायला माणूस नाही," मी म्हणालो.

"अहो, कुणाकडूनही घ्या की ओतून. बाटलीतून ग्लासात तर घालायचं."

"कुणाकडूनही होत नाही ते," मी इतक्या जोरात म्हणालो की मलाच नवल वाटलं. संपादकही गडबडले. म्हणाले, बरं बरं, महिनाअखेरपर्यंत बघा.

मग सुचलं. हिला यायला जमत नाही तर बाटल्या तिकडे न्यायला काय हरकत आहे? रविवारी सुट्टी आहे. ताईंकडे स्वयंपाकघर आहेच.

२६ मार्च

आता घरी आलोय. सगळं लिहून काढतो, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

बर्फाच्या पेटीत निवडक सहा बाटल्या घेऊन पोचलो. दार ताईंनीच उघडलं, आणि वळून तुरुतुरु आत गेल्या. मी म्हटलं, "ताई, गुडघा?"

"तो कधीच बरा झाला," त्या म्हणाल्या. "या, बसा."

ही खिडकीशी मशीनवर बसली होती. नाकावर चष्मा, नवा. आमच्या दुकानातला नव्हता, फ्रेम पाहताक्षणी ओळखलं. नंबर कुणी काढला म्हणून विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणाली. वर्षभर सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," म्हणाली. रागावून नाही. आज बाजारात काय मिळालं ते सांगावं तशी.

मी पेटी उघडली आणि येण्याचं कारण सांगितलं. सहाच ग्लास, अर्धा तास लागेल. हिने पाय मशीनवरून काढला. थोडा विचार करून म्हणाली, "आज मी बसते. तुम्ही ओता."

"पण तू तर घेत नाहीस."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ताईंना हसू आवरेना. ही म्हणाली, "उरलेलं काय मी बेसिनमध्ये ओतत होते का इतकी वर्षं?"

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. त्यात ताईंनी भर घातली की माझे गुण कसे पडणार ते हिला ओतण्याआधीच माहीत असायचं. घरात धुसफूस झाली असेल तर सगळ्या तिशीच्या आत. दुकानात कुणी माझं कौतुक केलं असेल तर पुठ्ठ्यालाही चाळीस. हे साफ खोटं आहे. तसं मी तिथेच सांगितलं. जीभ कुणाची बाजू घेत नाही. ही टेबल मोकळं करून खुर्चीत बसली. ताई दुसऱ्या खुर्चीत बसल्या.

तेव्हा मी आत गेलो. ताईंच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, दार आहे. ते निम्मं लोटून घेतलं. पहिली उघडली, दोन ग्लासांत ओतली, खडूने खूण केली, दारातून हात लांब करून ट्रे स्टुलावर ठेवला आणि मागे झालो. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग घोट. मग ताई काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. बिअरला हसल्या की मला, ते आतून कळायला मार्ग नव्हता.

मी दुसरी बाटली उघडून तयार ठेवली. ओतली की लगेच प्यायला हवी, नाहीतर फेस बसतो, म्हणून 'पुढची' ऐकू आल्याशिवाय ओतायची नाही. मी वाट पाहत राहिलो. बाहेर गप्पा सुरू झाल्या होत्या. दुकानातल्या कुणा बाईची गोष्ट ही सांगत होती, हातवारे करून सांगत असावी, कारण मध्येच ताई म्हणाल्या, "अगं, सांडशील." ही इतकं बोलते हे मला माहीत आहे, लग्नाच्या सुरुवातीला अशीच बोलायची. मला वाटलं दार ढकलून जावं आणि ती गोष्ट ऐकावी. पण ओतणाऱ्याने बाहेर यायचं नाही.

पाय दुखायला लागले. ताईंच्या स्वयंपाकघरात बसायला काही नाही. ओटा पुसलेलाच होता, तो पुन्हा पुसला. पहिल्या बाटलीच्या तळाशी दोन घोट उरले होते, ते प्यायलो. फार सुरेख होती ती. अगदी पावाची करपू लागलेली कड, आणि मागून हलकासा पुदिन्याचा गारवा, जो मला या बिअरीत कधी सापडला नव्हता. इतकं छान वाटलं की कुणाला तरी सांगायला वळलो. समोर दाराची निम्मी फळी होती. तोंड उघडलं होतं ते मिटलं.

खूप वेळाने हिचा आवाज आला, "पुढची."

असे सहाही झाले. शेवटी पेन्सिल घेऊन बाहेर गेलो आणि गुण विचारले. ही म्हणाली, पहिली आवडली, चौथी आवडली, बाकीच्या ठीक.

"पन्नासपैकी किती?"

"आवडली म्हटलं ना."

निघताना ताई मुद्दाम आत गेल्या. मी पेटी उचलली आणि म्हटलं, "मग केव्हा येतेस?"

ही मशीनवर जाऊन बसली होती. म्हणाली, "अहो, मी मशीन घेऊन आले. तुम्हीच खाली आणून दिलंत."

"ते पडदे शिवायला."

"कुठले पडदे?"

मी खिडक्यांकडे पाहिलं. ताईंच्या सगळ्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. पडदे त्या घरात कधी नव्हतेच. किती वर्षं मी तिथे जातोय.

ही म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कळलं. इतके जपून उतरलात जिना."

मी पेटी घेऊन जिन्याकडे वळलो. तिने जिन्यापर्यंत येऊन बर्फाच्या पेटीचं झाकण नीट लावून दिलं. पाणी गळत होतं.

२८ मार्च

संपादकांना कळवलं की यंदा गुण देता येत नाहीत, प्रकरण दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यांनी कारण विचारलं. तब्येत म्हणून सांगितलं. आधीच्या वर्षांचे गुण मात्र राहू देत, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो, पण कोणत्या गुणांत बिअर किती आणि आमची धुसफूस किती, ते आता मला सांगता यायचं नाही.

मास्तर सकाळी जिन्यात भेटले. काही विचारलं नाही. म्हणाले, संध्याकाळी या खाली, शिष्या येत नाहीत आज. जाईन बहुतेक.

३१ मार्च

सकाळी चहा करायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो, खिडकीच्या आतल्या बाजूला. हे घर घेतल्यापासून मी त्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो. खिडकी लहान आहे. आतून टेबलाची एक कड दिसते आणि माझी खुर्ची, तीही पाठीमागून. आत बसायला काहीच नाही. दोन-दोन तास चालायच्या बैठका आमच्या. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, म्हणजे मलाच.

टेबलापाशी चार खुर्च्या आहेत. त्यातली एक उचलून आत नेली. दारातून तिरकी करून घ्यावी लागली. खिडकीजवळ भिंतीला लावून ठेवली. ओट्याला अडथळा होत नाही.

मग फोन केला. मागे मशीनचा आवाज येत होता. मी म्हणालो, "स्वयंपाकघरात एक खुर्ची ठेवलीये."

"कुठे?"

"खिडकीपाशी."

मशीन थांबलं. मी कान देऊन ऐकत राहिलो. ती नाक पुसत होती की नुसता श्वास घेत होती, ते फोनवर समजत नाही.

"बरं केलंत," म्हणाली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता तुम्ही बसा तिथे."

फोन ठेवला आणि जाऊन बसलो. तिथून बाहेरची खोली रिकामी दिसते.